धक्क्याचं खातं

आमच्या घरापुढचा रस्ता मारुतीच्या पाराकडे उतरता आहे. उतार एवढासाच, की चालणाऱ्याच्या पायाला कळत नाही. पावसाचं पाणीसुद्धा आधी जरा विचार करतं आणि मगच खाली निघतं. मला मात्र तो इंच इंच पाठ आहे. चाकाखालचा दगड कुठे काढायचा, हँडब्रेक कुठे सोडायचा, आणि गटारावरच्या फरशीपर्यंत वेग आला नाही तर पुढे खुद्द मारुतीरायही काही करू शकत नाहीत, हे मी झोपेत सांगेन. असोद्यात जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांनाही गावाला उतार आहे हे माहीत नव्हतं. त्यांच्याकडे जुनी पिकअप नव्हती.

गाडी अण्णांनी घेतली. अण्णा म्हणजे आमचे वडील. रावेरकडच्या एका केळीवाल्याने ती विकताना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, की गाडी एका हातातली आहे. ते अक्षरशः खरं निघालं. गाडी एकाच हाताने चालवावी लागते, कारण दुसऱ्या हाताने दार धरून ठेवावं लागतं. मागच्या फाळक्यावर कंपनीचं नाव होतं, त्यातली अक्षरं खड्ड्याखड्ड्याला एकेक करून उतरून गेली. आता उरलेल्या तीन अक्षरांवरून कोणतीही कंपनी ओळखू येत नाही, आणि कुठल्याही कंपनीच्या दृष्टीने तेच बरं. फाळक्याखाली अण्णांनी पेंटरकडून ‘सावकाश चला’ असं लिहून घेतलं. हा उपदेश मागच्यांना होता. पण मागे कुणी राहतच नाही; सायकलवाले, बैलगाडीवाले, एकदा तर मेंढरांचा अख्खा कळप आम्हाला मागे टाकून गेला. वाचणार कोण?

घेण्याचं कारण वांगी. असोद्याची भरताची वांगी ज्याने खाल्ली नाहीत त्याच्याशी या विषयावर बोलून फायदा नाही. फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, नारळाएवढं वांगं. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं की साल आपोआप सुटते, मग बडजीत घालून हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून ठेचायचं आणि कळण्याच्या पुरीशी खायचं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण मानांकन मिळालेल्या वांग्यालाही बाजारात पहाटेच पोचावं लागतं. जळगाव जेमतेम पाच-सहा किलोमीटर. अण्णा म्हणाले, ‘दुसऱ्याच्या गाडीची वाट काय म्हणून पाहायची?’ तेव्हापासून आम्ही आमच्या गाडीची वाट पाहतो.

डिसेंबरातली पहाट. चार वाजलेत. हौद्यात वांग्याच्या गोण्या लागलेल्या. मी स्वयंपाकघरातून बॅटरी उचलून आणतो. रात्री बाहेर राहिली तर ती गारठते, म्हणून तिचा मुक्काम चुलीशेजारी. बायको पहिली काही वर्षं म्हणायची, ‘अहो, पाहुणे आले तर ओसरीत झोपतात आणि ही चुलीपाशी!’ आता म्हणत नाही. आता ती बॅटरीवर जुनी गोधडी घालते.

डिझेल इंजिनाची एक गंमत आहे. त्यात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी टाकतो आणि काम उरकतो. डिझेलचं तसं नाही. पिस्टन हवेला चेपत नेतो, मूळ जागेच्या सुमारे विसाव्या हिश्शात कोंबतो, त्या रेट्याने हवा भयंकर तापते, आणि तेवढ्यात डिझेलचा फवारा आत आला की तो आपला आपण पेटतो. म्हणजे सगळा खेळ चेपण्याचा. आमच्या इंजिनात पिस्टन आणि बोअर यांच्यात पूर्वीची जवळीक राहिलेली नाही. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या जोडप्यासारखे दोघं एका घरात राहतात, पण मधून वारा जातो. त्यात थंडी. म्हणून आधी हीटर लावायचा, आत तारा लाल होईपर्यंत थांबायचं. दिवा विझला की तारा तापल्या असं समजायचं. आमचा दिवा कायमचाच विझलेला आहे, म्हणून मी मनात मारुतीस्तोत्र अर्ध्यापर्यंत म्हणतो. पूर्ण म्हटलं तर बॅटरी उतरते.

मग किल्ली. सेल्फ म्हणतो, खर्र. पुन्हा म्हणतो, खर्र. मग नुसतं ‘टक्’. या ‘टक्’नंतर जी शांतता पसरते ती फार खोल असते. समोरच्या घरातला खोकला ऐकू येतो. गोठ्यातल्या म्हशी रवंथ थांबवतात. आणि कुठल्यातरी अंधाऱ्या ओट्यावरून आवाज येतो, ‘काय भो, आज बी नै का?’

त्या वेळी रस्त्यावर असतात ती पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. कानटोप्या घालून भादलीच्या दिशेने पळत जातात आणि पळत येतात. देवाने ही पोरं केवळ माझ्यासाठी उठवली आहेत अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी खिडकीतून हात काढतो. पाच-सहा जण मागे लागतात. गिअर दुसरा, क्लच दाबलेला, दगड काढला, ‘हां... हां... ओढ रे!’, गाडी गडगडत निघते, फरशी आली की क्लच सोडायचा. गाडीला एक जबरदस्त हिसका बसतो, हौद्यातली वांगी एकदम पुढे येतात, सायलेन्सरमधून काळ्या धुराचा लोट पोरांच्या तोंडावर बसतो आणि गाडी चालू होते. त्यातला एक पोरगा पुढे खरंच भरती झाला. पेढे घेऊन आला, पाया पडला आणि म्हणाला, ‘काका, गोळाफेकीत पूर्ण मार्क पडले. तुमच्या गाडीचे उपकार.’

ही झाली साधी सकाळ. अवघड सकाळ म्हणजे हवा धरण्याची. डिझेलच्या नळीत कुठेतरी, केसाएवढ्या फटीतून हवा शिरते आणि मग पंपाला डिझेल ओढता येत नाही. टाकी भरलेली, बॅटरी भरलेली, मालकाचा गळाही भरलेला, आणि इंजिन कोरडं. मग फिल्टरवरचा स्क्रू अर्धा सैल करायचा आणि हातपंप अंगठ्याने दाबत बसायचं. स्क्रूपाशी आधी फेस येतो, मग बुडबुडे येतात, मग मोठे बुडबुडे, मग वाटतं झालं, आणि तेवढ्यात एक चिमुकला बुडबुडा अगदी संथपणे वर येतो आणि आपल्याकडे पाहतो. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. रुडॉल्फ डिझेल, ज्याने हे इंजिन शोधलं, तो १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. आत्महत्या होती की अपघात, यावर अजून वाद आहे. मला त्यात गूढ काही वाटत नाही. कुणीतरी त्याला आपल्या गाडीची हवा काढून द्यायला बोलावलं असणार.

आमचे मिस्तरी या बाबतीत थोर. अजिंठा चौफुलीच्या बाजूला त्यांची टपरी आहे. टपरी म्हणजे कडुलिंबाचं झाड आणि त्याला टांगलेले पाने. ते गाडीजवळ येऊन आधी काहीच करत नाहीत. कमरेवर हात ठेवून उभे राहतात, डॉक्टरसारखं बॉनेटला कान लावतात आणि म्हणतात, ‘हे पाह्य भाऊ, इंजिन कामाला येयेल हाये.’ हे वाक्य ते गेली अकरा वर्षं म्हणतायत. परक्या माणसाला वाटेल, कामाला आलं म्हणजे उपयोगी पडलं. गाडीवाल्याला त्याचा अर्थ कळतो आणि त्याचा हात आपोआप खिशावर जातो.

मिस्तरींना लिहिता येत नाही. त्यांनी बोलायचं आणि मी लिहून घ्यायचं. आता आमच्या गावात या पद्धतीला मोठी परंपरा आहे. बहिणाबाई चौधरी इथल्याच, असोद्याच्या महाजनांची लेक, जन्म १८८०. त्यांनाही अक्षर येत नव्हतं; त्या कामाच्या ओघात बोलत आणि घरातलं कुणी ते टिपून घेई. म्हणून पुढे १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं आणि महाराष्ट्र थक्क झाला. मीही मिस्तरींचं बोलणं असंच टिपून घेतो: ‘गॅसकीट एक, पाट्याचे बुश च्यार, नोझल धुनं, वाटरबाडी पाह्यनं.’ ही वही मी स्पेअर पार्टच्या दुकानात वाचून दाखवली, तेव्हा दुकानदारही थक्कच झाला; पण तो बेरजेने नाही, मी उधारी मागितली म्हणून. बहिणाबाईंनी मोटेवर कविता केली. मोटारीवर करायची राहिली, आणि त्यात त्यांचं काही नुकसान झालं असं मला वाटत नाही.

असो. सांगायचं होतं ते धक्क्याचं.

आपल्याकडे शेतीत सावड असते. आज मी तुझ्या कापूस वेचणीला, उद्या तू माझ्या. पैसा मधे येत नाही, पण विसरतही कुणी नाही. गाडीला पहिल्या वर्षी धक्के मारणाऱ्यांनी काहीच मागितलं नाही. दुसऱ्या वर्षी एक जण आला, म्हणाला, ‘भाऊ, एक काम व्हतं. लेकीचं कपाट जयगावहून आनायचं हाये.’ भाड्याचा विषय मी काढायच्या आतच त्याने आकाशाकडे पाहत पुढचं वाक्य टाकलं, ‘संक्रांतीच्या दिशी धक्का माराले मीच व्हतो.’ कपाट आलं. गावाला वाट सापडली.

त्यानंतर आमच्या कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी धक्क्यांची नोंद सुरू झाली. ही नोंद बायको ठेवते, कारण माझ्यावर तिचा विश्वास नाही. सपाटीवरचा धक्का एक. चढावरचा दीड. चिखलातला दोन. लग्नाला जाताना कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत मारलेला तीन, शिवाय धुलाई. नुसता हात लावून ‘ओढ रे’ म्हणून ओरडणाऱ्याला काही मिळत नाही, पण असेच लोक सर्वांत आधी कपाट आणायला येतात. या हिशेबात आमच्या हौद्यातून काय काय गेलं! चार गल्ल्यांचे गणपती गेले, येताना त्यांच्या मखरांसह भांडलेले कार्यकर्ते आले. एक म्हैस डॉक्टरकडे गेली आणि तिने वाटेत उडी मारून प्रकृती ठणठणीत असल्याचं दाखवलं. नवरीचं रुखवत गेलं. त्यातला साखरेचा ताजमहाल गाडीच्या थरथरीने साखरच होऊन उतरला. भरीत पार्टीच्या पऱ्हाट्या तर इतक्या गेल्या की हौद्याला अजून कापसाची बोंडं चिकटलेली आहेत. गाडी माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर, पण मालकी विचाराल तर सात-बाऱ्यावर असोदा गावाचं नाव लावायला हरकत नाही.

हे खातं गावापुरतं राहिलं असतं तरी निभावलं असतं. ते बाहेर गेलं रेल्वे फाटकामुळे.

असोद्याहून जळगावात शिरताना रेल्वेचं फाटक लागे. मुंबईहून नागपूरकडे, हावड्याकडे, इटारसीकडे, जिकडे म्हणून जायचं ती गाडी आधी भुसावळला जाणार, म्हणजे ती आमच्या छातीवरून जाणार. एक गेली की गेटमन हात वर करून दुसरी येतेय असं सांगायचा. लोक शहाणे, इंजिन बंद करून शेंगा सोलत बसत. मी बंद करू शकत नव्हतो. बंद केली तर चालू कोण करणार? सगळीकडे शांतता, दूर कुठेतरी रूळ वाजतायत, आणि मधोमध माझी गाडी एकटीच धडधडत, उचक्या देत, शेजारच्या रिक्षातल्या बाईच्या नव्या लुगड्यावर धूर सोडत. लोकांच्या नजरा मला कळायच्या. मी समोर पाहत राही, जणू गाडी दुसऱ्या कुणाची आहे.

एके दिवशी मी पहिल्या नंबरला. तिसरी मालगाडी मोजता मोजता इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि आपणहून मौन धरलं. इंजिनाच्या मौनापेक्षा त्याची वेळ वाईट होती: त्याच क्षणी फाटक वर गेलं. मागे रांग, समोर रांग, आणि दोन्ही रांगा एकदम सुटायला निघालेल्या. मागून भोंगे वाजू लागले. भोंग्याने गाडी चालू होते असा आपल्याकडे समज आहे. गेटमन खोलीतून बाहेर आला आणि आधी मला, मग माझ्या गाडीला, मग माझ्या कुळाला हाका मारू लागला. शेवटी एक शाळामास्तर, दोन रिक्षावाले, भादलीचे चार वऱ्हाडी, नशिराबादचा एक बकरीवाला (बकरी त्याने माझ्या शेजारी सीटवर दिली) असे सगळे उतरले आणि त्यांनी मला रुळांवरून पलीकडे ढकललं. रुळावर चाक चढताना ते सगळे एका सुरात ‘पुंडलिक वरदे’ म्हणाले. पलीकडच्या रांगेतले लोकही वाट करून द्यायला बाजूला झाले आणि त्यातल्या दोघा-तिघांना राहवलं नाही, त्यांनीही हात लावला. गाडी चालू झाली. मी थांबून आभार मानू शकत नव्हतो, तेव्हा हात बाहेर काढून तसाच बाजार समितीपर्यंत गेलो. बकरी माझ्याबरोबर लिलावाला आली.

तीन महिन्यांनी भादलीचे एक गृहस्थ दारात. ‘राम राम. फाटकवाले तुम्हीच ना?’ त्यांना पिठाची गिरणी हलवायची होती.

उन्हाळा आला की वेगळं पर्व. मे महिन्यात जळगाव पंचेचाळीस अंशांवर जातं. त्या उन्हात माणसं घरात बसतात, कावळे नळाखाली बसतात, फक्त रेडिएटर उभा राहतो. आमचा रेडिएटर गळतो. गळका रेडिएटर हळदीने बुजतो, हे ज्ञान खान्देशातल्या प्रत्येक ड्रायव्हरला आहे: पाण्यात मूठभर हळद टाकायची, ती फटीत जाऊन बसते आणि तात्पुरता बूच होतो. डिझेलची टाकी झिरपू लागली की तिच्यावर कपड्याचा साबण घासायचा. म्हणून माझ्या टूलबॉक्समध्ये पाने कमी आणि किराणा जास्त. उकळत्या हळदीचा वास सुटला की गल्लीतल्या पोरांना कळतं, काकांची गाडी तापली. बायको एकदा बॉनेटवर वाकून म्हणाली, ‘मीठ घातलंय का?’ फॅन बेल्ट तुटला तेव्हा मी केळीच्या सोपटाची दोरी वळून बांधली होती. ती दीड किलोमीटर चालली. मिस्तरींनी त्या दोरीचे अवशेष हातात घेऊन बराच वेळ पाहिले आणि कुणाला दाखवायला म्हणून खिशात टाकले.

पण गाडीचा खरा कळस म्हणजे मनुदेवी.

आमच्या मोठीआईचा नवस होता. सातपुड्याच्या कुशीत, यावल तालुक्यात आडगावच्या वर देवीचं ठाणं. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडायची, किनगाव गाठायचं, तिथून डोंगराकडे वळायचं. माणसं भाड्याच्या जीपमधून पुढे गेली. पिकअपमध्ये मी, चुलतभाऊ आणि पन्नास माणसांचा वरण-बट्टीचा संसार: पातेली, तुपाचा डबा, डाळ, बट्टीचं पीठ, दोन गोण्या वांगी, गोवऱ्या, आणि वर बसलेला आचारी. आडगाव सोडलं, डोंगर जवळ आला, आणि एका कोरड्या नाल्यात चाक उतरलं तेव्हा मागून ‘फाट्’ असा आवाज आला. गाडी एका बाजूला कलली, जशी म्हातारी कुशीवर वळते. आचारी पातेल्यात गेला.

मेन पाटा तुटला होता. पाट्याचं लोखंड साधं नसतं, त्याला पाणी दिलेलं असतं, म्हणून ते वाकतं आणि परत येतं. गेल्या साली मी तोच पाटा वेल्डिंग करून घेतला होता. मिस्तरी तेव्हाच म्हणाले होते, ‘वेल्डिंगनं पाट्याचं पानी जाते भाऊ, हा टिकाचा नै.’ मी म्हटलं होतं, आपल्याला कुठे डोंगर चढायचाय.

वर देवळात पन्नास माणसं उपाशी. खाली मी. मोबाइलला रेंज नाही. चुलतभाऊ पायी वर गेला आणि तासाभराने अख्खी मंडळी खाली घेऊन आला. सगळ्यांत पुढे मोठीआई, काठी टेकत. मला वाटलं आता नाल्यातच माझा नवस फिटणार. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, कललेल्या हौद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘पुरुष मानसांनो, दगडं आना. चुला अठीच मांडा.’

मग त्या नाल्यात चुली पेटल्या. बाया पीठ मळायला बसल्या, बट्ट्या उकडल्या, कापल्या, तुपात तळल्या. वांगी गोवऱ्यांवर भाजली गेली आणि बडजी घरी राहिली होती म्हणून ती गाडीच्या जॅकच्या लाकडी ठोकळ्याने ठेचली. (ठोकळा धुतला होता. मी स्वतः पाहिलं.) वासाने दर्शनाला निघालेले लोक थांबू लागले. त्यांना पान वाढणं आलंच. किनगावहून मोटरसायकलवर मिस्तरी आणला, तो आधी सहा बट्ट्या जेवला, मग गाडीखाली गेला आणि तिथेच झोपला. नैवेद्य पोरांनी पळत वर नेला. ‘देवी वर हाये खरी,’ मोठीआई म्हणाली, ‘पन जेवाले खाली येयेल.’

मला त्या दिवसात सर्वांत मोठं सुख वेगळंच होतं. पाटा तुटलेल्या गाडीला धक्का मारून काही उपयोग नसतो. त्यामुळे कुणीच धक्का मारला नाही, आणि जेवले मात्र सव्वाशे. घरी आल्यावर मी कालनिर्णयासमोर उभा राहून बायकोला म्हटलं, ‘लिही. आज जमा.’ तिने पेन्सिल घेतली, जरा विचार केला आणि म्हणाली, ‘गिरणीवाले भादलीचे जेवून गेले, ते वळते करू का?’

पासिंगबद्दल मी फार बोलत नाही. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी पासिंग असतं, आणि त्या दिवशी आमची गाडी नवरदेवासारखी दिसते; म्हणजे अंगावरचं निम्मं उसनं असतं. टायर चुलतभावाचे, आरसा शेजाऱ्याचा, वायपर मेव्हण्याचा. संध्याकाळी जो तो आपापलं सोडवून नेतो. जुन्या गाडीला पर्यावरण करही भरावा लागतो. वर्षातले किती दिवस ती बंद असते ते पाहता पर्यावरणाने उलट आम्हालाच काहीतरी द्यायला हवं.

मध्यंतरी शेजाऱ्याने छोटा हत्ती आणला. टाटांनी ही गाडी २००५ साली काढली आणि पाहता पाहता गल्लीगल्लीत ती दिसू लागली. शेजारी सकाळी येतो, किल्ली फिरवतो, निघून जातो. बस, एवढंच. कुणी ओट्यावर येत नाही, कुणी काही विचारत नाही. पण माझ्या मुलाने ते पाहिलं आणि हट्ट धरला, की आता ही विका. चालत्या गाडीला गिऱ्हाईक मिळेना, कारण ती चालत नव्हती. शेवटी भंगारवाला बोलावला.

तो आला, गाडीभोवती फिरला, एका ठिकाणी बोट टेकवलं तर ते आरपार गेलं. लोखंडाच्या भावाने वजनावर घेतो म्हणाला. वजनासाठी हायवेच्या काट्यावर न्यायला हवी. मी बॅटरी लावली, अर्धं मारुतीस्तोत्र म्हटलं, किल्ली फिरवली. खर्र. टक्.

ती शांतता पसरली तसे ओटे भरले. बातमी आधीच फुटलेली होती. पाराजवळचे अप्पा काठी आपटत पुढे आले. ‘माह्ये दोन धक्के बाकी हायेत. हे तू भंगारात घालशीन, मंग ते कोन फेडीन?’ त्यांच्यामागे दूधवाला, त्याचे साडेतीन. गणपती मंडळाने तर पुढच्या वर्षीची आगाऊ नोंद केली होती. अर्धा तास वाद झाला. मुलगा म्हणाला, सगळ्यांचे पैसे देऊन टाकू. तेव्हा अप्पा असे काही बोलले की ते मला इथे लिहिता येत नाही. सावडीचे पैसे देतो म्हणणाऱ्याला जे ऐकवतात तेच ते.

शेवटी वजन करायला हरकत नाही, एवढ्यावर मिटलं. पण धक्का मारायला कुणी पुढे येईना. ज्या सरणाला आपण लाकूड देणार नाही म्हणतो त्याला खांदा कोण देणार! पोलीस भरतीची पोरंही लांब उभी. तेव्हा भंगारवाल्याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या, फाळक्याला खांदा लावला आणि एकट्याने गाडी हलवली. उताराने साथ दिली. फरशी आली, मी क्लच सोडला, हिसका बसला, धूर निघाला आणि गाडी अशी कडक चालू झाली, की मागे उभ्या भंगारवाल्याचं तोंड फक्त दातांपुरतं ओळखू येत होतं. काट्यावर गेलो, वजन झालं, चिठ्ठी मिळाली. कागद रद्द करून आणा, मग गाडी नेतो, असं तो म्हणाला. गाडी परत आणून मी उतारावर लावली, दगड लावला, बॅटरी काढून चुलीशेजारी ठेवली.

कागदांचं उद्या बघू, असं मी मुलाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दाराची कडी वाजली. भंगारवाला. अंघोळ करून आला होता, तरी कानामागे काजळी होती. मी म्हटलं, ‘कागद अजून झाले नाहीत.’

‘कागदाचं राहू द्या भाऊ,’ तो चप्पल काढत म्हणाला. त्याने ओसरीतल्या कालनिर्णयाकडे एकवार पाहिलं, मग आढ्याकडे. ‘माह्याकडचं दीड टन भंगार धुळ्याले टाकाचं व्हतं. काल धक्का मीच मारला, नै का?’

बायकोने आतून पेन्सिल आणली. एकट्याने मारलेल्या धक्क्याचे किती, यावर आम्ही अजून बोलतोय.